उठलेल्या पानांचा हिशेब

बुधवार, २४ मार्च २०२१, संध्याकाळी साडेसहा वाजता, दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरी रुपये अकरा हजार इसार दिला. हजर होतो मी, माझी बायको, जिचं लग्न ठरलं होतं ती आमची मुलगी, आणि रक्कम घेणारे आचारीकाका.

आचारीकाका तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. हिंदी मुलखातल्या आमच्या गावात, लष्कर नावाच्या जुन्या भागातल्या मराठी घरांत मुंज, लग्न, श्राद्ध, साठीशांत काहीही असलं तरी चुलीपाशी तेच असत. माझ्या मुंजीत ते त्यांच्या वडिलांच्या हाताखाली पुऱ्या लाटत होते असं आई सांगायची. राहायचे दाना ओली या बाजारगल्लीत, दोन खोल्यांत, काकूंबरोबर. मूलबाळ नव्हतं. गेल्या वर्षभरात त्यांना काम असं मिळालंच नव्हतं. सगळी लग्नं पाच-दहा माणसांत आटोपत होती आणि पाच-दहा माणसांचा स्वयंपाक घरच्या बायकाच करतात.

त्यांचा व्यवहार मला नेहमी आवडायचा, कारण तो माझ्यासारखा होता. सामान आपलं, हात त्यांचे, दोन वाढपी त्यांचे. दर पानावर. पान म्हणजे जेवून उठलेला एक माणूस.

"दोनशे रुपये पान, भैया," ते म्हणाले. "तुम्ही एकशे वीस सांगता. एकशे दहा उठली तर मी एकशे दहाचे घेणार. ठरलेल्या पानाचे पैसे मी घेत नाही, उठलेल्या पानाचे घेतो. माझ्या वडिलांपासून हेच आहे."

"आणि एकशे तीस उठली तर?" माझी मुलगी म्हणाली.

"तर तुझ्या बाबांना घाम फुटेल, बेटा."

एकशे वीस पानांचे चोवीस हजार. इसार वजा जाता बाकी तेरा हजार. मी माझ्या डायरीत लिहिलं, त्यांनी त्यांच्या लाल वहीत लिहिलं. लग्न रविवारी, २५ एप्रिलला होतं. त्या वर्षी शुक्राचा अस्त लांबला होता, त्यामुळे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मुहूर्तच नव्हते. काका उठताना म्हणाले, "तारीख माझ्या सोयीची आहे. लसीची पहिली सुई पंधरा मार्चला घेतली. दुसरी बारा एप्रिलला. काकूची अट आहे, दुसरी सुई होईपर्यंत चुलीला हात लावायचा नाही."

मी तेही लिहून घेतलं. बारा ते पंचवीस, तेरा दिवस. डॉक्टर चौदा म्हणतात, असं मी म्हणालो. "एक दिवस माफ करा," काका म्हणाले, आणि हसत गेले.

त्या दिवसांत सगळं गाव एकच गोष्ट विचारत होतं. बँकेच्या रांगेत, टेंपोत, दूधवाल्याच्या बरणीपाशी. "लगेगा क्या?" काय लागेल ते कुणी म्हणत नसे, म्हणायची गरज नव्हती. कुणी म्हणे होळीनंतर, कुणी म्हणे दुसऱ्या राज्यांतल्या निवडणुका झाल्याशिवाय नाही. कुणी म्हणे लग्नाला दोनशे चालतील, कुणी पन्नास, कुणी म्हणे वीस, त्यात घोडीवालाही धरला. गेल्या वर्षीची सरकारी पत्रं तारीख खोडून फिरत होती. आमच्या शेजाऱ्यांनी पंचवीस किलो कणीक भरून ठेवली आणि मग कीड लागेल म्हणून काळजी करत बसले.

मी एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत काम करतो. साथ सुरू झाल्यापासून मी रोज सकाळी वर्तमानपत्रातला जिल्ह्यातल्या रुग्णांचा आकडा एका वहीत उतरवत होतो. कशासाठी, असं बायको विचारायची. आकडा समोर आला की तो लिहावा, एवढंच. आचारीकाकाही भेटले की या वहीची चौकशी करत. मार्चमध्ये मला दिसलं की आकडा दुप्पट व्हायला जितके दिवस लागत होते ते कमी होत चालले आहेत. गेल्या वर्षी कितव्या आकड्याला काय बंद झालं तेही माझ्याकडे होतं. एके दिवशी जेवताना मी बोलून गेलो, "पाडव्याच्या आठवड्यात बंद होणार. बहुधा बुधवारी, नाहीतर गुरुवारी."

मी ते अंदाज म्हणून बोललो होतो. पंचवीस तारीख बदलायची माझी अजिबात तयारी नव्हती. एका माणसाच्या वहीवरून लग्नाची तारीख हलवत नाहीत, हे मी स्वतः बायकोला सांगितलं.

त्यानंतर दोन दिवसांनी, शनिवारी, मी दाना ओलीत किराण्याच्या दुकानी तूर डाळ आणि तांदूळ सांगायला गेलो. दुकानदार ओळखीचा. मी चिठ्ठी पुढे केली तशी त्यानं मास्क खाली ओढला.

"पच्चीस की शादी है न, भाईसाहब? नहीं हो पाएगी."

"का?" मी मराठीतच विचारलं, त्याला समजतं.

"पक्की खबर है. सरकारी दफ़्तर से. पड़वा वाले हफ़्ते में सब बंद. बुध को या गुरु को."

मी दुकानाच्या पायरीवर तसाच उभा राहिलो. माझा आकडा आणि सरकारी बातमी, दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून निघून एकाच वारावर येऊन थांबली होती. आमच्या कामात याला ताळा जमला म्हणतात. ताळा जमला की माणूस पुढचं पान उलटतो. "किसने बताया?" एवढं मी विचारलं. तो म्हणाला, "सब को मालूम है."

त्याच संध्याकाळी मी आमच्या गुरुजींना फोन केला. अस्तात लग्न करायचं तर पंचांगात काढीव मुहूर्त असतात, अडचणीत सापडलेल्यांसाठी. एरवी त्यांच्याकडे कुणी बघत नाही. आजारी आजीच्या डोळ्यांदेखत लग्न लावायचं असलं तरच. गुरुजी म्हणाले, "तुम्ही आज चौथे. सोमवार, पाच एप्रिल धरा. सकाळी दहा पंचवीस." मुलाकडचे लष्कर भागातलेच, त्यांनाही बंदीची धास्ती. दोन फोनांत तारीख वीस दिवस अलीकडे आली.

चौथे, हा आकडा मी ऐकला. त्याचा विचार केला नाही.

होळी झाल्यावर मंगळवारी काकांकडे गेलो. काकू बाहेरच्या खोलीत डाळ निवडत होत्या. काका खाटेवर बसले होते. मी नवी तारीख सांगितली.

"माझी दुसरी सुई बाराची," ते म्हणाले.

"मला माहीत आहे. लिहिलेलं आहे."

मी डायरी उघडली. माझ्या डायरीत एकाच पानावर दोन्ही तारखा होत्या. बारातून पाच गेले सात. सात दिवस आधी.

"दुसरं कुणी बघू का, काका?"

"दुसरं कोण? त्या हलवायांना अळूचं फदफदं कळतं?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक सांगा भैया. बंद झालं तर किती दिवस?"

मी खरं ते सांगितलं. म्हणजे मला खरं वाटत होतं ते. "गेल्या वर्षीचं धरलं तर अडीच-तीन महिने."

"मतलब आषाढापर्यंत. मग चातुर्मास. मग काय, दिवाळीनंतरच." ते बोटांवर मोजत होते. भिंतीपाशी, जिथे त्यांची तांब्याची मोठी हंडी असायची, तिथे आता गोल डाग होता. हंडी गेल्या वर्षी विकली गेली होती. "वर्ष गेलं, अजून आठ महिने. कालपासून आणखी तिघांचे फोन येऊन गेले. सगळ्यांनीच तारखा अलीकडे ओढल्या. मी हो-नाही काहीच बोललो नव्हतो."

काकू तिथूनच म्हणाल्या, "नाहीच बोलायचं."

"अगं, भैयाची वही आहे. सरकार चुकेल, ती चुकायची नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाच तारीख लिहा."

काकू सुपातली डाळ पुन्हा सुपातच निवडत राहिल्या. त्यांनी वर बघितलं नाही. मी चहा न घेता निघालो. त्या दिवसांत कुणाकडे चहा घेत नसू.

मग यादी. पन्नासपेक्षा जास्त माणसांना परवानगी मिळणार नाही असं सगळे म्हणत होते. हुकूम कुणी पाहिला नव्हता, पण मी एकशे वीसची पन्नास केली. सत्तर माणसं खोडायची म्हणजे काय ते ज्यानं खोडली त्यालाच कळेल. माझी मावसबहीण अजून बोलत नाही. शनिवारी, तीन एप्रिलला, मी आणि मुलगी ही यादी घेऊन बसलो होतो. ती फोनवर एकेकाला कळवत होती आणि मध्येच थांबली.

"बाबा, ये देखो. आत्याच्या ग्रुपवर पण आलंय."

मेसेज हिंदीत होता. सुरुवातीला लाल दिव्यांची दोन चित्रं. मग, 'सरकारी लेखा विभाग के विश्वसनीय सूत्र से.' मग, 'गुड़ी पड़वा के सप्ताह में संपूर्ण बंद. संभवतः बुधवार, अन्यथा गुरुवार.' खाली, 'अपने शुभ कार्य पहले निपटा लें.'

बहुधा बुधवारी, नाहीतर गुरुवारी. हे शब्द मला ओळखीचे वाटले, कारण ते माझे होते.

"हे आलं कुठून?"

मुलगी आधी तिच्या आणि मग आईच्या फोनवर वर वर सरकवत गेली. तिला ते चटकन जमतं. पाच मिनिटांत ती आपल्याच घरात येऊन पोचली. माझ्या बायकोनं त्या जेवणानंतर तिच्या हळदीकुंकवाच्या ग्रुपवर लिहिलं होतं: 'आमच्या ह्यांचा अंदाज आहे की पाडव्याच्या आठवड्यात बंद होईल, बहुधा बुधवारी, नाहीतर गुरुवारी. हे लेखा विभागात आहेत ना, रोज आकडे लिहितात.' त्यातला 'अंदाज' पहिल्याच उडीत गळला. 'आमच्या ह्यांचा' दुसरीत. उरला लेखा विभाग.

"मतलब," मुलगी म्हणाली, "दुकानवाले अंकल ने आपको आप ही की खबर सुनाई?" तिला हसू आलं होतं. माझ्याकडे बघून ते थांबलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मी काय वाईट लिहिलं? अंदाज आहे असंच लिहिलं."

तिचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती, आणि ती लेखा शाखेत नवीन लागलेला कारकूनही करत नाही अशी होती. एकच रक्कम मी दोनदा जमा धरली होती. तिच्यावर ताळा जमवला होता. आणि मी एकट्यानं नव्हे. गुरुजींकडे गेलेले चौघे, काकांना फोन करणारे तिघे, सगळे माझ्याच एका वाक्याचा ताळा एकमेकांशी जमवत होते.

तेव्हा काय करता आलं असतं ते मी नंतर पुष्कळदा मांडलं. काकांना एक फोन. 'काका, ती बातमी सरकारी नाही, माझी आहे, आणि मीही नुसताच अंदाज केला होता. तुम्ही बारा तारखेपर्यंत घरी बसा.' दीड मिनिटाचं बोलणं. पण दोन दिवसांवर लग्न, दुसरा आचारी नाही, सामान भरलेलं, मुलाकडच्यांना काय सांगायचं. मी मुलीला म्हणालो, "हे आता कुणाला सांगू नकोस." ती म्हणाली, "बाबा, किसी को फ़र्क़ भी नहीं पड़ेगा. सबको वही सुनना है."

पाच एप्रिलला लग्न लागलं. कॉलनीतल्याच एका छोट्या हॉलमध्ये, खिडक्या उघड्या ठेवून, उन्हाची झळ आत घेत. हॉलच्या मागे पत्र्याखाली गॅसच्या भट्ट्या. काकांनी तोंडावर ओला पंचा बांधला होता. मास्क भट्टीपाशी टिकत नाही म्हणाले. मी दोनदा मागे गेलो, दोन्ही वेळा त्यांनी हातानं लांब राहायची खूण केली.

काका नैवेद्याआधी काही चाखत नसत. त्यांच्या घरची रीत. मीठ, गूळ, चिंच सगळं वासावर. पातेल्यावर वाकून हातानं वाफ नाकाकडे ओढायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "मीठ कमी." आम्ही लहानपणी याची नक्कल करायचो. त्या दिवशीही ते मसालेभातावर वाकले, पंचा खाली केला, वाफ ओढली. "लवंग जास्त झाली. होऊ दे, मुलीचं लग्न आहे." तेव्हा त्यांचं नाक शाबूत होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे मला ते लागलं.

जेवणं झाल्यावर काका घाम पुसत आले. "पन्नास पानं उठली. मोजा."

"मोजायचं काय त्यात? तुम्हाला ठरलेले चोवीस हजारच देणार मी. तारीख मी हलवली, माणसं मी कापली."

"उठलेल्या पानाचे घेतो मी, भैया."

"काका, आत्ता वाद नको. पाडवा झाला की घरी येऊन बाकी देतो."

"बघू," ते म्हणाले. पिशवी खांद्याला लावून गेले. मी त्या रात्री डायरीत लिहिलं: बाकी रुपये तेरा हजार, आचारीकाका.

त्यांनी त्या आठवड्यात चार कामं केली. एक एप्रिलला वास्तुशांत, चाळीस पानं. तीनला मुंज, पंचेचाळीस. पाचला आमचं लग्न, पन्नास. आठला एक साठीशांत, पन्नास. एकशे पंच्याऐंशी. चारही घरं आमच्या ओळखीची. चारही कामं मुळात पाडव्यानंतरची होती.

साठीशांतीच्या घरी वरण खाली लागलं. वास सबंध घरात पसरला, बाहेरच्या खोलीतले लोक उठून आत आले. काका पातेल्याशेजारीच उभे होते. यजमानांनी मला नंतर फोनवर सांगितलं. "आम्ही ओरडलो, काका, करपतंय! तर ते वाकले, वाफ ओढली, आणि आमच्याकडे बघत राहिले. म्हणाले, कुठे?"

दहा तारखेला काकांना ताप आला. बारा तारखेची सुई राहिली.

आणि पाडव्याच्या आठवड्यात गाव बंद झालं. माझा अंदाज एका दिवसानंही चुकला नाही. मला फोन यायला लागले. मावसबहीण सोडून सगळ्यांचे. "मानलं बुवा तुम्हाला." "वेळेवर सांगितलंत म्हणून आमची मुंज झाली." किराणेवाल्यानं निरोप पाठवला, आता उघडणार कधी तेही सांगा. मी वही कपाटात ठेवून दिली होती. तेव्हा बायको तापानं पडली होती आणि मी दर चार तासांनी तिचा ऑक्सिजन लिहीत होतो. तिचा आकडा कधी चौऱ्याण्णवच्या खाली गेला नाही. ती बरी झाली.

काकांचा आकडा काकू मला फोनवर सांगत. त्यांना ते छोटं यंत्र वाचता यायचं, पण विश्वास बसत नसे. "भैया, ब्याऐंशी म्हणतंय. हे मशीन खराब आहे का?" मी म्हणालो, दुसऱ्या बोटाला लावून बघा. दुसऱ्या बोटाला एक्याऐंशी. मी एकोणीस ठिकाणी फोन केले. ती यादी डायरीत आहे, प्रत्येकासमोर काय उत्तर मिळालं ते. विसाव्याला खाट मिळाली. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी ते गेले. मी पोचवायला जाऊ शकलो नाही, आमच्या घराला विलगीकरणाची पट्टी लागली होती. काकूंचा पुतण्या आणि कामावरची दोन माणसं, असे तिघे होते म्हणतात.

त्यांना ते कुठून आलं हे मला काढता येत नाही. मी प्रयत्न केला. एकशे पंच्याऐंशी पानांतल्या कुठल्या पानावर तो आजार जेवायला बसला होता? पाच तारखेला त्यांना लवंगेचा वास आला होता. आठला करपल्याचा आला नाही. आमच्याकडून गेला असेल, आमच्याकडे त्यांच्याबरोबर आला असेल, बाजारातून आला असेल. ही बेरीज सुटत नाही. पण बारा एप्रिलच्या आधी त्यांना घराबाहेर कुणी काढलं हे सुटतं. त्याला वही लागत नाही.

जूनमध्ये गाव उघडलं. सोळा तारखेला, बुधवारी, सकाळी अकराला मी पाकिटात तेरा हजार घालून दाना ओलीत गेलो. ओळीतली दुकानं अर्धी शटर वर करून उघडली होती. काकू बाहेरच्या खोलीत होत्या. खाट काढून टाकली होती. मी बसलो, पाकीट पुढे केलं.

"हे काय?"

"काकांची बाकी. तेरा हजार."

त्या आत गेल्या आणि लाल वही घेऊन आल्या. पान शोधून ठेवलेलं होतं, त्यात खूण होती. काकांचं अक्षर मोठं, तिरकं. आमचं पान पाच एप्रिललाच लिहिलेलं. पानं पन्नास. दर दोनशे. दहा हजार. जमा अकरा हजार. त्याखाली रेघ आणि रेघेखाली: भैयाचं देणं, एक हजार.

मी ते दोनदा वाचलं. बेरजेत चूक नव्हती.

"काकू, माझ्या वहीत तेरा हजार येणं आहे तुमचं. मी कबूल केलं होतं त्यांना."

"तुमच्या वहीत काय आहे ते तुम्ही बघा, भैया. मला यांच्या वहीतलं पुरं करायचंय." त्यांनी पदराची गाठ सोडली. आत पाचशेच्या दोन नोटा घडी करून ठेवलेल्या होत्या. "दूधवाल्याचं दिलं, किराण्याचं दिलं, वाढप्यांचं दिलं. हे शेवटचं. यांच्या मागे देणं राहायला नको. तुम्हाला कळतं सगळं, मी काय सांगू."

मला कळत होतं. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावावर एक रुपयाही ठेवत नाहीत. त्याचा पाय त्यात अडकतो म्हणतात. माझ्या वडिलांच्या मागे मी न्हाव्याचे चाळीस रुपये शोधून दिले होते. काकूंना नाही म्हणणं म्हणजे काय, ते मला नीट माहीत होतं.

"काकू," मी म्हणालो, "तो मेसेज. पाडव्याला बंद होणार म्हणून. तो सरकारी नव्हता. माझ्या तोंडचं होतं ते."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "यांनी सांगितलं होतं. लोक म्हणत सरकारकडून आलंय. हे म्हणत, नाही गं, भैयाचं आहे, शब्द ओळखतो मी. म्हणून तर चारही कामं घेतली. सरकारचं असतं तर घेतली नसती." त्यांनी नोटा वहीवर ठेवल्या. "आणि चुकलं नाहीच की तुमचं. बंद झालंच."

टोमणा नव्हता. तसा त्यांचा आवाज नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की मी बरोबर होतो.

मी पाकीट तिथे ठेवायचा प्रयत्न केला. त्यांनी ते उचलून माझ्या हातात दिलं आणि पेन पुढे केलं. मी लाल वहीत, 'भैयाचं देणं' याच्यावर आडवी रेघ ओढली आणि तारीख घालून सही केली. घरी आल्यावर माझ्या डायरीतली बाकीही खोडली आणि खाली लिहिलं:

१६ जून २०२१. रुपये एक हजार रोख. देणार, आचारीकाकांची बायको. घेणार, मी.